रुग्ण दगावला तरी काहीच वाटत नाही. नर्सिंग सोडावं का?

तुम्ही लिहिलंय की ऑफच्या दिवशीही अंगात त्राण नसतं, रुग्ण दगावला तरी आत काही हलत नाही, नातेवाईक काही विचारायला आले की चीड येते, आणि आपण या कामाच्या लायकीचेच नाही असं वाटू लागलंय.

मीही नर्सच आहे. बरीच वर्षं वॉर्डात गेली, पुढे इन्चार्ज झाले. तुमचं वर्णन मी ड्यूटी रूममध्ये इतक्या जणींकडून ऐकलंय की ते तुमच्या स्वभावाचं वर्णन आहे असं मला वाटतच नाही. क्रिस्टिना मॅसलॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 मध्ये बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस आतून पार थकून जाणं, मोजायची प्रश्नावली आणली. ती तीन गोष्टी तपासते: भावनिक थकवा, माणसांबद्दल आलेला कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. तुम्ही तिन्ही लिहिल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्याने होणारी अवस्था म्हटलंय. म्हणजे शोध घ्यायचा तो आधी वॉर्डाचा.

कोरडेपणा येतो कुठून? नुसत्या कष्टातून नाही, असं माझं मत. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलायची, हे आपल्याला पहिल्या वर्षी शिकवतात. नाईटला इतके रुग्ण एकटीच्या अंगावर असतात की ते होत नाही. पण चार्टवर रकाना असतो, आणि सकाळच्या हँडओव्हरआधी तो भरलेला लागतो. काही दिवसांनी त्याच रुग्णाला बेडसोर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झालेला दिसतो. काय करायला हवं हे पक्कं ठाऊक, आणि करायला हात मोकळे नाहीत. हे रोज झालं की माणूस एक तर रोज रडेल किंवा वाटून घेणंच बंद करेल. तुमच्या मनाने दुसरा मार्ग धरलाय, एवढंच.

रुग्णसंख्येचा आणि बर्नआउटचा हा संबंध नुसता माझ्या मनचा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या दहा हजारांहून अधिक नर्सेसचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता 23 टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी. म्हणून रुग्णालय ताण घालवायला ध्यानाचं सत्र ठेवतं, तेही नाईट करून आलेल्यांना थांबवून, तेव्हा मला हसू येतं. ध्यान वाईट नाही हो, पण त्याने रोस्टरवर माणूस वाढत नाही.

एक मात्र तपासून घ्या. कामाबाहेरही कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर आजच.

सोडायचं म्हणाल तर सोडण्यात काही कमीपणा नाही. पण इतक्या थकव्यात नर्सिंगच सोडायचा निर्णय घेऊ नका. आधी सलग रजा घ्या. परत आल्यावर दोनच दिवसांत पुन्हा तेच झालं, तर वॉर्ड बदलून मागा. ओपीडी किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊन पुन्हा रुळलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. नाही जमलं तर दुसरं रुग्णालय.

आणि मेट्रनकडे जाल तेव्हा "मला झेपत नाही" असं सांगू नका, त्यावर सहनशक्तीचं व्याख्यान मिळतं. महिनाभर वहीत लिहा: तारीख, शिफ्ट, रुग्ण किती, नर्सेस किती, काय करायचं राहून गेलं. रुग्णांची नावं नकोत. जमल्यास दोघी-तिघींनी मिळून अर्ज द्या आणि पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.