वाचकांचे प्रश्न : शेताशेजारची शिळावर्तुळं

प्रश्न : नागपूरजवळ आमच्या वावराला लागून टेकडीच्या उतारावर दगडांचं मोठं रिंगण आहे. ते प्राचीन दफन आहे की गुरांचा जुना वाडा, हे न खोदता ओळखता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. वाड्याच्या भिंतीत दगड एकावर एक रचलेले असतात आणि जनावरं आत-बाहेर करायला वाट ठेवलेली असते. शिळावर्तुळात, म्हणजे प्राचीन दफनाभोवतीच्या दगडी रिंगणात, मोठाले धोंडे एकाच ओळीत, अर्धवट जमिनीत रुतलेले असतात. मधला भाग भोवतालापेक्षा किंचित उंच असतो, कारण आत काळी चिकण माती आणि दगडगोटे भरलेले असतात. मुरमाड उतारावर रिंगणापुरतीच काळी माती दिसली, तर ती वाहून आणलेली समजावी.

आणखी दोन खुणा पाहा. अशी वर्तुळं सहसा एकेकटी नसतात. नागपूरजवळच्या जुनापाणीला ती शेकड्यांनी आहेत. तिथल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरले आहेत, ज्यांची नोंद ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी 19व्या शतकातच केली होती. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी पाहिलं तर हे खळगे ठळक दिसतात. रिंगण अर्धंच असेल तर जवळचा धुरा (शेताचा बांध) तपासा, उरलेले धोंडे अनेकदा तिथे रचलेले सापडतात.

प्रश्न : आत सोनं असतं, असं गावात म्हणतात. खरंच काय पुरलेलं असतं?

मुख्यतः लोखंड आणि मातीची भांडी. विदर्भातली ही दफनं इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. सोन्याचे दागिने क्वचित मिळतात, पण सोन्याच्या आशेने वर्तुळ फोडणाऱ्याच्या हाती बहुधा खापरं आणि गंजके तुकडेच लागतात आणि मागे वाचण्याजोगं काही उरत नाही. हे नुकसान आम्हाला फार लागतं.

पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी 1970-72 मध्ये नागपूरजवळच्या माहुरझरीला केलेल्या उत्खननातून या वस्तूंचं चांगलं चित्र मिळालं. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, बांगड्या. इथल्या काही कुऱ्हाडींना दांड्याचं भोक नसतं. पातं दांड्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळलेलं असतं. सोबत काळी-तांबडी भांडी असतात आणि कार्नेलियन या लालसर दगडाचे मणी. काही मण्यांवर पांढऱ्या रेघा दिसतात. क्षाराचा लेप देऊन मणी तापवला की त्या पक्क्या होतात.

घोडा हा या लोकांचा खास विषय. काही दफनांत घोड्याची हाडं, तोंडातली लोखंडी कडी आणि डोक्यावरचा तांब्याच्या पत्र्याचा साज मिळाला आहे. आणि एवढं लोखंड मातीत घालणं त्यांना परवडत होतं, कारण ते इथेच गाळलं जात होतं: नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली आहे.

माणसाची हाडं मात्र थोडी आणि अपुरी असतात. पुष्कळदा देह दुसरीकडे ठेवून नंतर निवडक हाडंच इथे आणली जात. म्हणून वस्तू कुठे, कोणत्या दिशेला, कशाशेजारी होती, यावरूनच विधी समजतो. जागेवरून उचललेली कुऱ्हाड नुसती कुऱ्हाड उरते.

प्रश्न : नांगरटीत गंजकी कुऱ्हाड, काही लाल मणी आणि एक अख्खं गाडगं वर आलं आहे. साफ करून ठेवू का?

साफ करू नका. गंज म्हणजे नुसता मळ नव्हे. दांड्याच्या लाकडाचे किंवा कापडाचे ठसे त्यातच टिकलेले असतात. लोखंडात मातीतले क्षार मुरलेले असतात. बाहेरची हवा आणि ओल लागली की आतून गंज फुगतो आणि पापुद्रे सुटतात. पाण्याने धुतलं, तेल चोळलं किंवा तारेच्या ब्रशने घासलं की बिघाड वाढतो. तांब्याची वस्तू असेल तर चिंच-लिंबू मुळीच लावू नका.

त्या जागी नांगर थांबवा. वस्तू निघाल्या तिथे खुंटी ठोका, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि दोन पक्क्या खुणांपासून, विहीर आणि बांधाचा कोपरा समजा, अंतर मोजून लिहा. लोखंड कोरड्या, झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. गाडग्यातली माती काढू नका. बारीक मणी आणि धान्य तिच्यातच असू शकतं. ते खालून आधार देऊन उचला, काठाला धरून नको. मणी ओवू नका.

मग जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या वस्तूची माहिती देणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. अर्जाची एक प्रत पुरातत्त्व विभागालाही द्या आणि पोच घ्या. पाहणी होईपर्यंत वर्तुळातला एकही धोंडा हलवू नका, तेवढा पट्टा पेरणीतून सोडा.