७८ म्हणजे किती?

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा पाचवीत आहे. आम्ही घरी अहिराणी बोलतो. दिवाळीनंतर शाळेत सगळ्या वर्गाला एकत्र बसवून बुद्धीची चाचणी घेतली. छापील मराठी प्रश्न, पाऊण तास. कागद आला : बुद्ध्यांक ७८. त्याच्या काकांना वाटलं, शंभरपैकी ७८ म्हणजे चांगलेच गुण. गुरुजी मात्र म्हणाले, पोरगा मंद आहे, फार अपेक्षा ठेवू नका. पण डेअरीवर दूध घालायला तोच जातो. लिटरचा, फॅटचा हिशेब तोंडी करून पैसे बरोबर सांगतो. धडा वाचायला दिला की अडखळतो आणि रडतो. पाऊण तासात कुणाची बुद्धी मोजता येते का?
– एक आई, अमळनेर तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा दुधाच्या हिशेबापाशी थांबले. त्याकडे मी परत येईन.

आधी काकांची शंका. बुद्ध्यांक म्हणजे गुण नव्हेत. चाचणी तयार करताना ती त्या त्या वयाच्या पुष्कळ मुलांना देऊन बघतात, त्यांची सरासरी १०० धरतात, आणि मग एखादं मूल त्या सरासरीपासून किती लांब आहे ते सांगतात. ही रीत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ साली आपल्या चाचणीत वापरली. त्या हिशेबाने ७८ म्हणजे एका वयाच्या १०० मुलांत जेमतेम सात जण त्याच्या खाली. आकडा कमीच आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण तो खरा मानायचा की नाही, हे काट्यावर अवलंबून आहे.

माझे वडील कापूस विकायचे. व्यापारी गावात काटा घेऊन आला की ते एकच गाठोडं दोनदा काट्यावर टाकायला लावत. दोन्ही वेळा वेगळं वजन आलं तर तो काटा भरवशाचा नाही. मानसशास्त्रात याला विश्वसनीयता म्हणतात. दरवेळी नेमाने दोन किलो कमीच दाखवणारा काटाही असतो. तो बदलत नाही, पण खोटंच सांगतो. आणि काटा अगदी चोख असला तरी त्यावरून कापसाच्या धाग्याची लांबी कळत नाही. जे मोजतो म्हणून सांगितलं, तेच मोजलं का, हा प्रश्न सप्रमाणतेचा. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला खरी काळजी याच प्रश्नाची वाटते.

विश्वसनीयतेचं थोडक्यात सांगते. ती शून्य ते एक अशा आकड्यात सांगतात. एखाद्या चांगल्या चाचणीची विश्वसनीयता ०.९१ धरली, तरी एका आकड्यामागे साधारण साडेचारची चूक राहते. म्हणून जाणकार माणूस ७८ एवढंच लिहीत नाही, दोन्ही बाजूंना त्या चुकीच्या दुप्पट जागा सोडून ‘साधारण ६९ ते ८७च्या दरम्यान’ असं लिहितो. इतक्या रुंद पट्ट्यावरून कोणत्याही मुलाला मंद ठरवता येत नाही. त्यातून वर्गभर एकदम घेतलेली चाचणी. मागच्या बाकावर ऐकू आलं का, पोरगं घाबरलं होतं का, हे कुणी पाहिलं?

आता सप्रमाणता. ज्याला वाचायला जड जातं, त्याच्यापुढे छापील प्रश्न ठेवले तर मोजलं जातं ते वाचन. बुद्धीपर्यंत पोचायच्या आधीच मूल अडकतं. ही गोष्ट जगाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९१७ साली अमेरिकेच्या सैन्यात लाखो जवानांची चाचणी घ्यायची ठरली, तेव्हा वाचता येणाऱ्यांसाठी ‘आर्मी अल्फा’ आणि निरक्षर किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी चित्रांची, हाताने करायची ‘आर्मी बीटा’ अशा दोन चाचण्या कराव्या लागल्या. आपल्याकडेही सी. एम. भाटिया यांनी १९५५च्या सुमारास ठोकळे रचणं, आकृत्या काढणं, चित्राचे तुकडे जुळवणं अशा कृतींची मालिका तयार केली. त्यापूर्वी व्ही. व्ही. कामत यांनी फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली होती. पण पुस्तकातली मराठी आणि आपल्या ओट्यावरची अहिराणी यांत केवढं अंतर आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ते अंतर मला एका मुलाने दाखवलं. साक्री तालुक्यातल्या एका शाळेत मी नवीन होते. बारा वर्षांचा मुलगा समोर बसला, आणि एकेका प्रश्नाला नुसता बघत राहिला. मी ‘उत्तर नाही’ अशी खूण करत गेले. शेवटी कागद बाजूला ठेवून विचारलं, ‘तुले काय वाटस?’ आणि तो बोलायला लागला ते थांबेचना. नियमाने ते गुण धरता येत नाहीत, कारण सगळ्या मुलांना सूचना एकसारख्याच द्यायच्या असतात. मग मी त्याला भाटियांचे ठोकळे दिले. ते त्याने चटचट रचले, त्याच्या वयाच्या इतर मुलांसारखेच. त्याच्या नावापुढे मी काय लिहून बसले असते, हे आठवलं की अजूनही पोटात तुटतं.

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तीस प्रश्नांची पहिली चाचणी केली, ती कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे बिने यांना मान्य नव्हतं. गुरुजींच्या ‘अपेक्षा ठेवू नका’ला त्या कामात कुठेच आधार नाही.

आता काय करायचं? आधी मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. शाळेतून चाचणीचं नाव, तिची मानकं, म्हणजे तुलनेसाठी धरलेली सरासरी, कोणत्या मुलांवर आणि कधी काढली, हे लेखी मागा. मग भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे त्याला एकट्याला बसवून, तोंडी आणि कृतीची, दोन्ही चाचण्या करायला सांगा. अहिराणी कळणारं कुणी सोबत असलं तर उत्तम. आणि दुधाचा हिशेब त्यांना नक्की सांगा. तोंडी गणित पक्कं आणि वाचन कच्चं, अशी तफावत असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखनासारखी गोष्ट शिकायला जड जाते का याची, तपासणी व्हायला हवी. २०१६च्या दिव्यांग कायद्यात ती धरलेली आहे. निदान झालं तर परीक्षेत सवलती मिळतात आणि वाचन शिकवायच्या वेगळ्या पद्धती आहेत. तोवर त्याला डेअरीवर जाऊ द्या.

प्रश्न : बोटांचे ठसे घेऊन मुलीचा कल सांगणारे लोक क्लासमध्ये आले आहेत. पैसे भरावेत का?
– एक वडील, शहादा

उत्तर : नका भरू, दादा. बोटांवरच्या रेघा आईच्या पोटातच तयार होतात आणि पुढे बदलत नाहीत. मुलगी काय शिकली, तिला कशाची गोडी लागली, याची त्यात नोंद नसते. तरी ते आग्रह करत असतील तर एवढंच विचारा : ज्या मुलांचे ठसे आधी घेतले, ती पुढे तुम्ही सांगितलेल्या क्षेत्रात चमकली का, हे किती मुलांवर पडताळलं आणि कुठे छापलं? तो कागद हातात आल्याशिवाय मुलीचं बोट शाईला लावू देऊ नका.