कासारवडवली ते महापे: नवी हायब्रीड घ्यावी की २०१८ ची सेडान?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कासारवडवलीहून महाप्याच्या कार्यालयात आठवड्यातून तीन दिवस गाडीने जायचे, शनिवार-रविवारी ठाण्यातच फिरणे आणि वर्षातून दोनतीनदा चिपळूण. सगळे मिळून महिन्याला सरासरी हजार किलोमीटर. समोर दोन गाड्या आहेत. एक नवी स्ट्रॉंग हायब्रीड एसयूव्ही (पेट्रोल इंजिनासोबत गाडी एकटी ओढू शकणारी विजेची मोटर असलेली), ऑन-रोड म्हणजे कर-विम्यासह सुमारे २० लाख, त्यांतले १० लाख हाताशी आणि १० लाख कर्ज. दुसरी वाशीतील एका गृहस्थांची २०१८ ची ऑटोमॅटिक पेट्रोल सेडान, ६२ हजार किलोमीटर चाललेली, मागणी ७ लाखांची. घोडबंदर रोडच्या कोंडीत पेट्रोल जळते म्हणून आपला कल हायब्रीडकडे आहे. मी ऐरोलीत राहतो, काही वर्षांपासून स्ट्रॉंग हायब्रीड चालवतो आणि त्याआधी वापरलेल्याच गाड्या घेत आलो. तरीही आपल्या बाबतीत माझे मत सेडानच्या बाजूने आहे. मात्र ती सेडान खाली लिहिलेल्या तपासणीतून पार पडली तरच.

हायब्रीडबद्दलची आपली समजूत चुकीची नाही, हे आधी सांगतो. माजिवडा ते कळवा, विटाव्याचा अरुंद भाग आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्ता हा आपला मार्ग म्हणजे या तंत्रज्ञानासाठी जवळजवळ आदर्श आहे. साध्या गाडीचे इंजिन रांगेत उभे असतानाही पेट्रोल जाळत राहते आणि ब्रेक दाबला की मिळवलेली गती उष्णता होऊन वाया जाते. स्ट्रॉंग हायब्रीडमध्ये रांगेत इंजिन बंद असते, एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा विजेवर चालतो, आणि वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालून त्या गतीची वीज बॅटरीत परत भरते. त्याशिवाय ही इंजिने अ‍ॅटकिन्सन पद्धतीची असतात, म्हणजे त्यांत जोर थोडा कमी पण इंधनाचा उपयोग अधिक चांगला होतो, आणि जोराची ती उणीव मोटर भरून काढते. म्हणूनच साध्या गाडीचे अ‍ॅव्हरेज शहरात कोसळते, तर हायब्रीड अनेकदा हायवेपेक्षा शहरात जास्त देते. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या स्ट्रॉंग हायब्रीड एसयूव्हींचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. ठाण्याच्या गर्दीत एसी लावून नीट चालवल्यास २० ते २२ धरावे. आपण पाहिलेली सेडान याच रस्त्यावर १० ते १२ देईल. म्हणजे अर्धे पेट्रोल वाचते, हे खरे आहे.

एका गोष्टीची सावधगिरी मात्र ठेवा. सेकंड हँड बाजारात २०१५ नंतरच्या सियाझ आणि अर्टिगा ‘हायब्रीड’ म्हणून दाखवल्या जातात. त्या सौम्य हायब्रीड आहेत. त्यांतील मोटर इंजिनाला थोडी मदत करते, गाडी एकटी ओढत नाही. त्या गाड्या वाईट नाहीत, पण वर सांगितलेला फायदा त्यांच्याकडून अपेक्षू नये.

आता पैशांचा हिशेब. पाच वर्षांत आपली गाडी ६० हजार किलोमीटर चालेल. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि हायब्रीडचे अ‍ॅव्हरेज २१ धरले, तर तिला पाच वर्षांत सुमारे २ लाख ९७ हजारांचे पेट्रोल लागेल. सेडानचे अ‍ॅव्हरेज ११ धरले तर ५ लाख ६७ हजारांचे. बचत २ लाख ७० हजारांची. हा आकडा मोठा वाटतो, पण १० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता २०,७५८ रुपये येतो आणि एकूण व्याज जवळपास २ लाख ४५ हजार होते. याचा अर्थ, पेट्रोल पंपावर जे वाचेल ते जवळजवळ सगळे बँकेत भरावे लागेल. शोरूममध्ये अ‍ॅव्हरेजचा आकडा आणि महिन्याचा हप्ता हे दोन्ही सांगतात. ते एकमेकांशेजारी मांडून दाखवायचे काम गिऱ्हाइकालाच करावे लागते.

याहून मोठी रक्कम किमतीच्या घसरणीत जाते. २० लाखांच्या ऑन-रोड किमतीत गाडीची एक्स-शोरूम किंमत साधारण १७ लाख असते. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर आपल्या राज्यात १२ टक्के वाहन कर आहे, म्हणजे जवळपास २ लाख. उरलेले विमा वगैरे. गाडी विकताना हा कर कोणी वेगळा मोजून देत नाही. विमा कंपन्यांच्या प्रमाणित तक्त्यातही चार ते पाच वर्षांच्या गाडीची घसरण ५० टक्के धरलेली असते. बाजारभाव त्याहून थोडा बरा मिळेल असे मानून मी पाच वर्षांनंतरची किंमत ९ लाख धरतो. सेडानची पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली आहे. तिचे पाच वर्षांनी ३ लाख धरू. तिची नोंदणी २०३३ पर्यंत वैध आहे, त्यामुळे पुढच्या ग्राहकाला फार वर्षे उरणार नाहीत, हे त्यात गृहीत आहे. टायर, बॅटरी, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्सचे ऑइल यांसाठी सेडानवर जादा दीड लाख घाला. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी केली तर हायब्रीडचा पाच वर्षांचा खर्च १६ लाख ४० हजारांच्या आसपास जातो आणि सेडानचा ११ लाख १५ हजारांच्या आसपास. फरक सव्वापाच लाखांचा, म्हणजे दर महिन्याला पावणेनऊ हजारांचा, आणि नव्या गाडीच्या विम्याचा जास्त हप्ता मी यात धरलेलाच नाही.

हे आकडे आपल्या हजार किलोमीटरचे आहेत. आपण रोज महाप्याला जात असता आणि महिन्याला दोन हजार किलोमीटर होत असते, तर पेट्रोलची बचत ५ लाख ४० हजारांवर गेली असती. शिवाय सेडान पाच वर्षांत १ लाख ८० हजारांपुढे पोचून तिची दुरुस्ती वाढली असती आणि किंमतही फारशी आली नसती. तेव्हा दोन्ही गाड्या जवळजवळ बरोबरीत आल्या असत्या आणि मी निःशंकपणे हायब्रीड घ्या म्हटले असते. तसेच नवी गाडी दहा वर्षे ठेवण्याचा आपला खरोखरच विचार असेल, तर घसरण दहा वर्षांत वाटली जाते आणि कर्ज फिटल्यानंतरची बचत पूर्णपणे आपली असते. पाच वर्षांनी गाडी बदलण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्या वाट्याला हा भाग येत नाही. म्हणून ‘अ‍ॅव्हरेज किती’ याआधी ‘महिन्याला किती किलोमीटर’ आणि ‘किती वर्षे’ हे दोन प्रश्न घरात बसून प्रामाणिकपणे सोडवा.

पैशांपलीकडचे म्हणाल, तर नव्या गाडीच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की तो मी हलका करणार नाही, आणि तो सुरक्षिततेचा. २०१८ च्या अनेक सेडानमध्ये, विशेषतः मधल्या मॉडेलांत, दोनच एअरबॅग असतात आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा) नसतो. चिपळूणला जाताना पावसात, घाटात आणि अवजड वाहनांच्या गर्दीत आई-वडील मागे बसलेले असतील, तर सहा एअरबॅग आणि स्टॅबिलिटी कंट्रोल यांची किंमत आपणच ठरवायची आहे. हिशेबाच्या वहीत ती बसत नाही. आपण पाहिलेल्या सेडानचे नेमके मॉडेल कोणते आणि त्यात काय आहे, हे आधी तपासा. वरचे मॉडेल असेल तर हा फरक बराच कमी होतो.

हायब्रीडची बॅटरी खराब झाली तर मोठा खर्च येईल, ही जी भीती आपण लिहिली आहे, ती मात्र निर्णयातून काढून टाका. टोयोटा, मारुती आणि होंडा या तिघीही आपल्या स्ट्रॉंग हायब्रीडच्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. ही बॅटरी इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीपुढे अगदी लहान असते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरमध्ये ती एक युनिट वीजही साठवत नाही, त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीच्या किमतीशी तिची तुलना करू नये. या गाड्यांना वेगळा स्टार्टर आणि अल्टरनेटर नसतो आणि ब्रेक पॅड बरेच जास्त टिकतात. बॅटरीला हवा देणारी जाळी मागच्या सीटजवळ असते, तिच्यावर सामान रचू नये, एवढेच पथ्य. कर कमी होईल म्हणून थांबू नका. सप्टेंबर २०२५ च्या बदलात चार मीटरपेक्षा लांब हायब्रीड गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आला, आणि ५ टक्क्यांची सवलत इलेक्ट्रिक गाड्यांनाच आहे.

आता सेडानची तपासणी. सात लाखांची गाडी चांगली की वाईट हे चकचकीत रंगावरून कळत नाही, आणि आपल्या भागात तर पहिली शंका पाण्याची घ्यावी. पावसाळ्यात नवी मुंबईचे सखल भाग आणि ठाण्यात वंदना बस डेपोचा परिसर कसा तुंबतो, हे आपण पाहिलेच आहे, आणि बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहा; आतल्या टोकाला गाळाची रेघ असेल तर गाडी सोडून द्या. स्टेपनीखालचा खड्डा, सीटचे रूळ आणि गालिच्याखालचा पत्रा गंजला आहे का ते पाहा. खाडीकाठी उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा पत्रा खालून खातो, म्हणून गाडी लिफ्टवर चढवूनच पाहावी.

दुसरे, गिअरबॉक्स. या वयाच्या अनेक ऑटोमॅटिक सेडानमध्ये सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असतो. तो दणकट असतो, पण त्याचे ऑइल वेळेवर बदललेले हवे. सर्व्हिसच्या नोंदींत ते बदलल्याचा पुरावा नसेल तर किंमत खाली आणा किंवा निघून या. चाचणीसाठी वाशीच्या मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारून समाधान मानू नका. गाडी पूर्ण तापू द्या, एसी लावा आणि गायमुखचा चढ रांगेच्या वेगाने चढवून पाहा. कापरे भरल्यासारखी थरथर, घसरल्यासारखा आवाज किंवा गाडी पुढे सरकायला होणारा उशीर जाणवला, तर ती गाडी आपली नव्हे. रांगेत उभे असताना एसीचा गारवा कमी होतो का, तेही तिथेच कळेल. सकाळी इंजिन थंड असताना मालकाच्या आधी जाऊन बॉनेटला हात लावा आणि मग पहिला स्टार्ट आपल्यासमोर होऊ द्या. गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी वाचणारा स्कॅनर लावून घेण्याचे आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेण्याचे काही हजार रुपये इथे वाचवू नयेत. टायरवरच्या चार आकड्यांतून कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तो बनला हे कळते; मूळ टायर असतील तर नव्या संचाचा खर्च किमतीतून वजा करून मागा. २०१८ ची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेली नाही, म्हणून पहिल्या सर्व्हिसला इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील पाहून घ्या. अ‍ॅव्हरेजही त्यामुळे थोडे कमीच मिळेल.

तिसरा एक मार्ग आपण विचारात घेतलेला दिसत नाही. होंडाची सिटी हायब्रीड, हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा २०२२ पासून रस्त्यावर आहेत, त्यामुळे तीनचार वर्षांच्या स्ट्रॉंग हायब्रीड आता सेकंड हँड बाजारात येऊ लागल्या आहेत. बॅटरीच्या हमीची चार वर्षे तरी शिल्लक असतात आणि पहिली घसरण होऊन गेलेली असते. सेडान तपासणीत नापास झाली तर मी आपल्या जागी नव्या गाडीकडे न वळता आधी यांचा शोध घेईन. फक्त हमी नव्या मालकाच्या नावे चालू राहील याची खात्री अधिकृत सेवा केंद्राकडून लेखी घ्या आणि मध्ये सर्व्हिस चुकलेली नाही ना, ते पाहा.

कागदपत्रांकडे शेवटी वळा, पण पैसे देण्याआधी. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात घ्या, थकीत ई-चलने भरायला लावा, आणि गाडी एप्रिल २०१९ पूर्वीची असल्याने उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का ते पाहा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन नाव बदलण्याचा अर्ज दाखल होईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवावी. विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज व्यवहारापासून १४ दिवसांत द्यायचा असतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यांच्याकडेच राहतो, त्यामुळे त्या फरकाचे पैसे आपल्याला भरावे लागतील. त्याच वेळी पॉलिसीत इंजिन संरक्षणाची जोड घ्या; पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिनाचे जे नुकसान होते, ते साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही.