परांबिकुलम केरळात, पण वाट तमिळनाडूतून

"कोचीला उतरून चालकुडीमार्गे संध्याकाळपर्यंत परांबिकुलमला पोचू, मुक्कामाचं बुकिंग झालंय" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. परांबिकुलम हा केरळातला व्याघ्रप्रकल्प, पण चालकुडीकडून तिथे गाडी जात नाही. हा बेत आजच बदला.

नकाशात चालकुडी जवळ दिसतं, कबूल. त्या बाजूने कोचीन संस्थानाची ट्राम होती, 1907 पासून ती इथलं सागवान खाली नेत असे. 1963 ला तीही बंद पडली. आता पर्यटकांच्या गाडीला रस्ता एकच: पोल्लाची, सेतुमडै, टॉप स्लिप, मग अनप्पाडी. जंगल पालक्काड जिल्ह्यातलं, पण तिथे पोचायला तमिळनाडूच्या अनमलै व्याघ्रप्रकल्पातून जावं लागतं. नाकी दोन, पावत्या दोन, नियमही दोन राज्यांचे.

आम्हाला यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं. एका पर्यटन कार्यालयात (नाव घेत नाही) मुद्दाम फोन करून विचारलं होतं. "बुकिंग आहे ना? मग कधीही या." सेतुमडैला दिवेलागणीला पोचलो तर फाटक बंद. तिथला गार्ड नीट बोलला, त्याचं काहीच चुकलं नाही. रात्री हत्तींच्या वाटेवर गाड्या सोडूच नयेत. पण सासूबाईंना घेऊन पोल्लाचीत लॉज शोधत फिरलो, पहिल्या रात्रीचे पैसे बुडाले ते वेगळेच. परत त्या कार्यालयात फोन केला तर उत्तर काय? "तो तमिळनाडूचा विषय आहे." अहो, मग तुमच्या जंगलाला रस्ता तिथूनच आहे हे सांगायला काय लागतं? पैशांसाठी लिहिलेल्या मेलला आजतागायत उत्तर नाही.

तेव्हा आदली रात्र पोल्लाचीत काढा आणि सकाळी लवकर निघा. हे माझं मत. फाटकाच्या वेळा बदलत असतात, म्हणून तुमचं बुकिंग जिथून झालंय तिथे न विचारता थेट परांबिकुलमच्या अनप्पाडीतल्या माहिती केंद्रात विचारा. तमिळनाडूच्या नाक्याचंही तिथेच विचारून घ्या.

वाघासाठी जात असाल तर ताडोबाला जा, उगाच इतक्या लांब येऊन गाइडवर चिडू नका. इथलं रान दाट आहे. गवे, निलगिरी वानर आणि आपलं शेकरू मात्र निवांत बघायला मिळतं. कन्निमरा साग चुकवू नका, चार-पाच माणसांनी हात धरले तरच कवेत येईल असा बुंधा आहे. तूनकडवूचं धरणही बघा: आहे केरळात, चालवतं तमिळनाडू, दोन राज्यांतल्या 1970 च्या पाणीवाटप करारानुसार. म्हणजे पाण्यावरून दोन्ही राज्यांचं जमतं, नाक्यावरच्या एका पाटीवरून जमत नाही!

पावसाळ्यात जाणार असाल तर जळवांसाठी लांब मोजे आणि तंबाखूची पूड ठेवा. रोख पैसे पोल्लाचीतच काढा, वर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. गूळही तिथलाच घ्या, बाजार मोठा आहे. कोल्हापूरकरांनी रागावू नये.