बडोद्याच्या महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठातली व्याख्यानं बाहेरच्या माणसाला ऐकता येतात का? आधी कळतं कसं?

हो, येतात, आणि बहुतेक वेळा फुकट. पण तारीख आठवडाभर आधीच कळेल अशी आशा धरू नका. दांडियाबाजारातून पायी जाऊन मी बरीच वर्षं ही व्याख्यानं ऐकतोय, त्यावरून सांगतो. विद्यापीठाच्या मुख्य संकेतस्थळावर सगळं येईलच असं नाही, कारण कार्यक्रम ठरवतो तो विभाग. म्हणून थेट विभागाच्या फलकाकडे जा. आर्ट्स फॅकल्टीत मराठी विभाग आहे, तिथल्या कार्यालयात नंबर देऊन ठेवलात तर निमंत्रणाचं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर येतं. पत्रिकेची शेवटची ओळ आधी वाचायची. 'सर्वांना आमंत्रण' असेल तर बिनधास्त जा. क्यूआर कोड आणि नोंदणी शुल्क दिसलं तर ते चर्चासत्र, तिथे नाव नोंदवल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही (चहासुद्धा मोजून असतो).

नजर ठेवण्यासारख्या जागा:
- प्राच्यविद्या मंदिर: विद्यापीठाची प्राच्यविद्या संशोधन संस्था. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती (अनेक हस्तलिखितं ताडून पाहून ठरवलेली संहिता) इथलीच. श्रोते थोडे, त्यामुळे प्रश्न विचारायला भरपूर वाव.
- फाइन आर्ट्स फॅकल्टी: १९५० पासूनची. वर्षअखेरीचं विद्यार्थ्यांचं प्रदर्शन चुकवू नका.

एक मात्र लक्षात घ्या, विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी आहे, त्यामुळे मराठी विभाग सोडला तर व्याख्यान मराठीत मिळणं विरळाच. नवरात्र ते दिवाळी फारसं काही नसतं. आणि निघण्यापूर्वी विभागात एक फोन कराच, सभागृह ऐनवेळी बदलतं.