प्रश्न तुमचे : दिवसा गायनाचे वर्ग, संध्याकाळी तालीम

प्रश्न : मी महाविद्यालयात गायन शिकवते. रोज चार तास वर्ग, संध्याकाळी हौशी नाटकमंडळीची तालीम. गुरुवारपर्यंत आवाज बसतो. तालीम सोडू का?

उत्तर : तालीम सोडू नका, वर्गातलं गाणं कमी करा. बाईच्या बोलण्यात स्वरपट्ट्या (घशातल्या, थरथरून आवाज काढणाऱ्या दोन घड्या) सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकींवर आदळतात. वरच्या पट्टीत त्याहून जास्त. प्रत्येक विद्यार्थ्याला ओळ पूर्ण आवाजात गाऊन दाखवली, तर संध्याकाळसाठी उरतं काय? एकदा गा, पुढे पेटीवर सूर द्या.

वर्ग आणि तालीम यांच्यामध्ये वीस मिनिटं गप्प बसा. मग अर्ध्या पेल्या पाण्यात स्ट्रॉ दोनेक सेंटीमीटर बुडवून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढा, सूर खालून वर, वरून खाली नेत, पाच मिनिटं. बुडबुडे अडखळले की श्वास तुटतोय असं समजा. गाल घट्ट ठेवले तर उपयोग नाही. स्ट्रॉ खोल बुडवली तर उलट जोर लागतो.

आरडाओरड्याचा प्रसंग रोज पूर्ण ताकदीने करू नका; दिग्दर्शकाला तसं आधीच सांगा. घसा खाकरण्याऐवजी घोटभर पाणी गिळा. (पाणी थेट स्वरपट्ट्यांवर पडत नाही, म्हणून ते दिवसभर प्यायचं, तालमीच्या तोंडावर नव्हे.) आवाज बसल्यावर जोर लावून कुजबुजणं हा आराम नाही, त्यानेही ताण येतो.

घोगरेपणा तीन-चार आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या. रक्त पडलं किंवा श्वास लागला तर लगेच.