रॉकवेलहून सीमेन्सकडे जाताना

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

नवी कंपनी मिळाली, पगारही बरा वाढला, पण सगळा प्लांट सीमेन्सच्या पीएलसीचा (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि तुझी दहा वर्षं गेली रॉकवेलच्या अ‍ॅलन-ब्रॅडलीवर. ‘पुन्हा ट्रेनी झाल्यासारखं वाटतंय’ असं तू लिहिलंस. अगं, सिलिंडर पूर्ण मागे आल्याचा रीड स्विचचा सिग्नल मिळाल्याशिवाय इंडेक्सिंग टेबल फिरवायचं नाही, ऑटोतून मॅन्युअलला येताना कुठला व्हॉल्व्ह धरून ठेवायचा आणि कुठला सोडायचा, फॉल्ट रिसेट केल्याबरोबर मशीन आपोआप सुरू होता कामा नये, हे ट्रेनीला येत नसतं. तुला येतं. कंट्रोलरवरचं नाव बदललं म्हणून ते कुठे जात नाही.

लॅडरचं, म्हणजे रिलेच्या ड्रॉइंगसारख्या दिसणाऱ्या त्या भाषेचं, तर टेन्शनच घेऊ नकोस. १९६८ साली जनरल मोटर्सला रिलेची पॅनल्स नकोशी झाली आणि त्यातून मोडिकॉन ०८४ हा पीएलसी आला. शॉपफ्लोअरवरच्या इलेक्ट्रिशियनला रिलेचं ड्रॉइंग वाचता येत होतं, म्हणून प्रोग्रामही तसाच दिसायला हवा होता. तो आजही सगळीकडे जवळपास तसाच दिसतो. १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ हे पीएलसीच्या भाषांचं मानक आल्यावर भाषाही ठरून गेल्या. तुझं एक्सआयसी तिथे साधा नॉर्मली ओपन कॉन्टॅक्ट, ओटीई म्हणजे कॉइल. हाताला बसायला वेळ लागणार नाही.

घात होतो तो दुसरीकडे. एका ब्रँडवर वर्षं काढली की काही गोष्टी आपण ‘पीएलसी असाच वागतो’ म्हणून धरून चालतो, आणि त्या असतात फक्त रॉकवेलच्या.

मेमरीचंच बघ. तुला टॅगची, म्हणजे नावाने ओळखायच्या व्हेरिएबलची, सवय. स्पीड नावाचा टॅग केला, तो मेमरीत कुठे बसला याची कधी फिकीर केली नाहीस. सीमेन्सच्या नव्या एस७-१५०० वर ऑप्टिमाइज्ड डेटा ब्लॉकमध्ये (तिथे पत्ते सॉफ्टवेअरच ठरवतं) तसंच चालून जाईल. पण जुन्या लाइनवर एखादा एस७-३०० निघतोच, आणि तिथे एम मेमरी बाइटने मोजतात. एमडब्ल्यू म्हणजे तिथला दोन बाइटचा वर्ड: एमडब्ल्यू १० म्हणजे बाइट १० आणि ११. एमडब्ल्यू ११ म्हणजे बाइट ११ आणि १२. मधला बाइट सामाईक. आता एमडब्ल्यू १० मध्ये कन्व्हेयरचा स्पीड ५०० ठेव. बाइट १० मध्ये १ जातो, बाइट ११ मध्ये २४४. मग कोणीतरी ‘पुढचा रिकामा वर्ड’ समजून एमडब्ल्यू ११ मध्ये ३ टाकला, की बाइट ११ शून्य होतो आणि तुझा स्पीड बसल्या जागी २५६. ना फॉल्ट, ना लाल दिवा. वरचा बाइट आधी येतो, हेही यातच आलं: एमडब्ल्यू १० मध्ये १ लिहिलास तर एम ११.० (बाइट ११ चा पहिला बिट) ऑन होतो, एम १०.० नाही. त्यामुळे अशा प्रोग्रामात नवा पत्ता वापरण्याआधी क्रॉस रेफरन्स आणि असाइनमेंट लिस्ट (कुठला पत्ता कुठे वापरलाय ते दाखवणाऱ्या याद्या) उघडायचीच, कितीही घाई असली तरी.

मग लाइट जाऊन आल्यावर काय उरतं ते. रॉकवेलमध्ये टॅगमधली किंमत राहते, रनला येताना प्रीस्कॅन (प्रोग्राम चालू होण्याआधीची फेरी) ओटीईचे बिट तेवढे खाली पाडतो. एस७-१५०० वर डेटा ब्लॉकमधल्या व्हेरिएबलपुढे ‘रिटेन’ची टिक नसेल, तर पॉवर आल्यावर तिथे स्टार्ट व्हॅल्यू येऊन बसते. प्रॉडक्शन काउंट, टूल लाइफ, चालू रेसिपीचा नंबर यांना टिक हवीच. पण सरसकट लावत सुटू नकोस. सिक्वेन्सचा स्टेप नंबर राखायचा की नाही, हे मशीन बघून ठरवायचं. लाइट गेलेली असताना कोणी हाताने सिलिंडर ढकललेला असू शकतो.

सगळ्यात जास्त काळजी मला डाउनलोडची वाटते. तू चालत्या मशीनवर ऑनलाइन एडिट करायचीस. अ‍ॅक्सेप्ट, टेस्ट, असेंबल, झालं. नवा टॅग जोडला तरी बाकीच्यांना धक्का नाही. टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑफलाइन बदल करायचा, कंपाइल करायचा, मग लोड. आणि डेटा ब्लॉकमध्ये एक व्हेरिएबल जरी वाढवलं तरी अख्खा ब्लॉक रीइनिशिअलाइज होऊ शकतो, म्हणजे ऑपरेटरने स्क्रीनवरून भरलेली सेटिंग्ज जाऊन स्टार्ट व्हॅल्यू येतात. एका प्लांटमध्ये माझ्या डोळ्यांदेखत मशीन बिल्डरच्या माणसाने असाच एक अलार्मचा बिट वाढवला. लोड करण्याआधीच्या यादीत रीइनिशिअलाइज स्पष्ट लिहिलेलं होतं, त्याने न वाचता ओके दाबलं. प्रेसच्या सगळ्या सेटिंग्ज शून्यावर. नशीब, शून्यावर मशीन सायकल घेत नव्हतं. ती दुपार ऑपरेटरच्या वहीतून आकडे परत भरण्यात गेली.

यावर उपाय आहेत. लोड करण्याआधी ब्लॉकचा स्नॅपशॉट घेऊन तो स्टार्ट व्हॅल्यूमध्ये कॉपी करायचा, किंवा ब्लॉकमध्ये मेमरी रिझर्व्ह ठेवून रीइनिशिअलायझेशनशिवाय डाउनलोड करायचं. ऑपरेटरची वही मात्र बंद करू नकोस. या बाबतीत रॉकवेल सरस, असं माझं स्पष्ट मत आहे. उलट तुझं अ‍ॅड-ऑन इन्स्ट्रक्शन (स्वतः बनवलेला, पुन्हा वापरायचा ब्लॉक) ऑनलाइन बदलता येत नाही आणि इथे एफबीच्या (फंक्शन ब्लॉक) आतलं लॉजिक सुधारून लोड करता येतं, तेव्हा फिटंफाट.

स्कॅनचं, म्हणजे प्रोग्रामच्या एका फेरीचं, थोडक्यात: रॉकवेलमध्ये इनपुट आरपीआयप्रमाणे (मॉड्यूलने डेटा पाठवायचा ठरलेला काळ) स्कॅनच्या मध्येही बदलू शकतो, म्हणून तू सुरुवातीला इनपुट बफर करायचीस. इथे प्रोसेस इमेज (इनपुटची प्रत) सायकलच्या सुरुवातीला भरते आणि ओबी १ (मुख्य प्रोग्राम) संपेपर्यंत तीच राहते. बफर करायची गरज नाही.

अ‍ॅनालॉगला रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्सच्या मॉड्यूलने तुला थेट इंजिनिअरिंग युनिट दिलं. इथे ४ ते २० मिलिअँपिअर म्हणजे ० ते २७६४८. दहा बारचा ट्रान्समीटर १२ मिलिअँपिअरला १३८२४ दाखवेल, म्हणजे ५ बार. वायर ब्रेकचं निदान चालू असेल आणि वायर तुटली, तर आकडा ३२७६७ होतो. तो तसाच स्केल केला तर स्क्रीनवर ११.८५ बार दिसतात आणि ऑपरेटर प्रेशर वाढलं म्हणून व्हॉल्व्ह पिळत बसतो. स्केलिंगच्या आधी त्या आकड्याची तपासणी टाक.

प्रोफिनेटवर (इथलं मशीनचं नेटवर्क) ड्राइव्ह बदललास तर नुसता आयपी देऊन भागत नाही, डिव्हाइस नेम द्यावं लागतं. प्रोजेक्टमध्ये टोपॉलॉजी (कोण कोणाला जोडलंय ते) नीट भरलेली असेल तर कंट्रोलर स्वतः देतो, पण त्यावर विसंबू नकोस. आणि एस७-३०० वर ओबी ८६ (रॅकचा संपर्क तुटल्यावर चालणारा ब्लॉक) नसेल तर एक रिमोट रॅक तुटला की सीपीयू सरळ स्टॉपला जातो. ओबी रिकामा असला तरी सीपीयू चालू राहतो, म्हणून पुष्कळ जण रिकामाच टाकून मोकळे होतात. तू त्यात निदान एक अलार्म तरी लिही.

शिकायला टीआयएचं २१ दिवसांचं ट्रायल लायसन्स आणि पीएलसीसिम हा सिम्युलेटर सुरुवातीला पुरतं. टेबलावर खराखुरा एस७-१२०० मिळाला तर उत्तम, सप्लाय काढून काय उरतं ते बघता येतं. तुला तोंडपाठ असलेलं एक स्टेशन घे. जुना प्रोग्राम समोर ठेवून ओळीला ओळ उतरवू नकोस. सिक्वेन्स कागदावर काढ आणि त्यावरून नव्याने लिही, नाहीतर रात्रपाळीला मेंटेनन्सच्या पोराला तुझा प्रोग्राम परका वाटेल. एसटीएल ही ओळीओळीने लिहायची भाषा एस७-१२०० वर नाही, पण जुन्या एस७-३०० मध्ये बहुतेक भेटेल. ते वाचण्यापुरतं शिक, लिहायच्या भानगडीत पडू नकोस.

त्याच मेंटेनन्सच्या पोराला विचारायला लाजू नकोस. तो तुझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल, डिप्लोमावाला असेल, पण त्या लाइनवर कुठला सेन्सर लटकलाय आणि कुठल्या ब्लॉकला हात लावायचा नाही, हे त्यालाच माहीत असतं. फक्त ‘आमच्या रॉकवेलमध्ये असं नसायचं’ हे पहिले सहा महिने तोंडातून काढू नकोस.

रुजू झाल्या झाल्या प्रत्येक सीपीयूचं ऑनलाइन आणि ऑफलाइन कम्पेअर करून घे. ऑफिसातल्या लॅपटॉपवरचा प्रोजेक्ट आणि मशीनमधला प्रोग्राम एकच आहे, असं कोणी छातीठोक सांगितलं तरी. अडलीस तर रविवारी फोन कर आणि प्रोजेक्टची प्रत पाठव. मूळ फाइल नको. माझ्याकडे टीआयएचं व्ही१७ आहे. तुमचा प्रोजेक्ट व्ही१६ मधला असेल तर इथे अपग्रेड केलेली प्रत तुमच्याकडे परत उघडणार नाही.

कळावे, लोभ असावा.

तुझे जुने सर